भावी बदाम

सम्यक : नाही मामा, इथंच चुकतं तुमचं. पान आल्यावर वाढवू म्हणून गप्प बसायचं नाही. आत्ताच वाढवायचं.

कडुबा : आत्ता काय वाढवू? माझ्याकडं हाय काय? हातात दोन बदाम, मधी दोन बदाम. चार झाले. लागतेत पाच. चार बदामाला कुत्रं तरी विचारतं का?

पारूबाई : चार तरी हायेत. बॅनरवर 'भावी नगरसेवक' छापलं तव्हा हातात एक तरी होता का?

कडुबा : पारू, तू चहा टाक.

पारूबाई : टाकलाय. उकळूस्तोर ऐकते.

सम्यक : ऐका मामी, तुम्हालाही कळेल, खेळ सोपा आहे. प्रत्येकाच्या हातात दोन पानं, झाकलेली. मध्ये पाच पानं, ती सगळ्यांची. आधी तीन उघडतात, मग एक, मग शेवटचं एक. पान उघडलं की चिंचोके टाकायचे. हातातली आणि मधली मिळून एकाच रंगाची पाच जमली, तर ते जबरदस्त पान. आणि अप्पारावसाहेबांच्या टेबलावर लिमिट आहे. म्हणजे वाढवायचं तर ठरलेलंच वाढवायचं, एका वेळी एक चिंचोका. कुणाला ढीग लोटून समोरच्याला घाबरवता येत नाही.

पारूबाई : घाबरवायला ढीग कशाला लागतो? अप्पाराव नुसते खाकरले तरी हे उभे राहत्यात.

कडुबा : खामखा बोलू नको. शहराध्यक्ष हायेत ते. उद्या हर्सूलच्या बंगल्यावर आपल्या वॉर्डातले सगळे इच्छुक बोलावलेत. सायेब म्हनतेत, मुलाखतीत माणूस खोटं बोलतो, पत्त्यावर नाय बोलत. डाव संपला की तिथंच सांगणार, तिकीट कुणाला ते. मजाक नाय ही.

पारूबाई : मी कुठं हसले? वॉर्डाचं तिकीट पत्त्यावर, एवढंच कळलं मला.

सम्यक : मामा, इकडं लक्ष द्या. तुमच्याकडे चार बदाम आहेत. गठ्ठ्यात अजून नऊ बदाम शिल्लक आहेत आणि दोन पानं उघडायची बाकी आहेत. तीन वेळा असा डाव आला, तर त्यातल्या साधारण एका वेळी पाचवं बदाम पडणार. बरोबर?

कडुबा : आन् दोन वेळा नाय पडणार. मंग?

सम्यक : मग हे बघा. टेबलावर सहा जण बसलेत. प्रत्येकानं एक-एक टाकला, तर त्यात तुमचा वाटा सहातला एक. जिंकायची शक्यता तिनातली एक. म्हणजे टेबलावर पडणारा प्रत्येक जास्तीचा चिंचोका तुमच्या फायद्याचा आहे, पान आलेलं नसतानासुद्धा. मग गप्प का बसायचं? वाढवायचं. सगळ्यांना अजून एक-एक टाकायला लावायचं. पान आलं तर ढीग तुमचा. नाही आलं तर हसत पत्ते टाकून डाव सोडायचा. त्यात कमीपणा नाही.

कडुबा : न आलेल्या पानावर बोलायचं म्हनतो तू. लोक काय म्हनतील?

पारूबाई : लोकांचं नका सांगू. रेल्वे टेसनापसून ते नाक्यापर्यंत खांबाखांबावर तुमी हात जोडून उभे हायत. नावाच्या आधी 'भावी'. पावसानं तो फोटू पार धुतला, तरी 'भावी' अजून टिकून हाय.

कडुबा : शाई चांगली वापरतो मी.

पारूबाई : तिकीट मागणाऱ्या त्या सर्जेरावाला तर त्याहून चांगली वापरली. त्याचं बॅनरबी आपल्याच दुकानात छापलं. त्याचा 'भावी' तुमच्या 'भावी'पेक्षा मोठा.

कडुबा : त्यानं मोठा सांगितला, मी छापला. गिऱ्हाईक हाय ते. फ्लेक्सवाल्यानं धंद्यात राजकारण आणायचं नसतं.

सम्यक : मामा, एक विचारू? इतकं काय आहे त्या तिकिटात?

कडुबा : तुला नाय कळायचं, भाच्या. तू कॉलेजात शिकवतो, तुझ्या नावाआधी 'प्राध्यापक' लागलं, झालं काम. मी अख्ख्या शहराचे 'भावी' छापले. भावी आमदार, भावी सभापती, भावी सरपंच. त्यातले किती जण झाले बी. ते पुन्हा माझ्याकडंच येतेत, म्हनतेत, कडुबा, आता 'भावी' काढ. मी काढतो. माझ्या स्वतःच्या नावाचं काढायला हात शिवशिवतेत माझे. एकदा, फक्त एकदा, 'भावी' नसलेलं बॅनर छापायचंय मला. मंग पुढं लोकांनी पाडलं तरी चालल.

पारूबाई : घ्या, चहा घ्या. आन् उद्या नीट खेळा.

सम्यक : हो, नीट म्हणजे कसं, ते एकदा म्हणून दाखवा.

कडुबा : चार बदाम आले तर गप बसायचं नाय. आधी बाकीच्यांना टाकू द्यायचं. सगळ्यांनी टाकलं, आपली पाळी आली, की वाढवायचं.

सम्यक : एक राहिलं. आपल्या हातात त्या रंगाचा एक्का किंवा मोठं पान पाहिजे. नाहीतर आपलं पाचवं बदाम येतं आणि दुसऱ्याचंही येतं, आणि त्याचं मोठं निघतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, माणसं बसलेली पाहिजेत. माणसं उठली, समोर एकच राहिला, की हिशोब उलटा. मग वाढवण्यात काही राम नाही.

कडुबा : त्याची काळजी नाय. तिथं सायबानं टाकला की सगळे टाकतेत. कुणाला काय आलंय हे बी बघत नाय कुणी. फक्त वाढवत नाय. सायबावर वाढवायची रीतच नाय तिथं.

सम्यक : मग तर फारच छान. सगळे बसणार. अशी टेबलं शोधूनही सापडत नाहीत.

पारूबाई : मला एक सांग रे सम्यक. हे बसलेले लोक खेळायला बसत्यात का सायबासाठी बसत्यात?

सम्यक : गणिताला काय फरक पडतो, मामी? चिंचोके पडले म्हणजे झालं.

पारूबाई : तसं असंल तर बरं. आता ते पत्ते आवरा. मंगळवार हाय, बचत गटाच्या बायका येतील आत्ता. सतरंजी मोकळी करा.

(दुसरा दिवस, दुपार. तीच ओसरी, तीच सतरंजी. कडुबा हर्सूलहून परतला तो आधी नळावर गेला, खळखळून तोंड धुतलं, शर्ट काढून दोरीवर टाकला आणि परत जाऊन पुन्हा तोंड धुतलं. एका तोंडाला इतकं पाणी लागावं असं आपण काही केलेलं नाही, असं त्याला स्वतःला तरी वाटत होतं. त्यांच्या मुकुंदवाडीत नळाला पाणी कधी येतं हे ठाऊक असलेला माणूस एरवी असं वागत नाही. बायको आणि भाचा दोघंही बघत होते, ते त्याला जास्त टोचत होतं.)

कडुबा : असे टकामका बघू नका. पान नाय आलं.

सम्यक : म्हणजे चार बदाम आले होते?

कडुबा : आले होते. अगदी तू सांगितल्यासारखे. हातात बदामाचा एक्का आन् नव्वी. मधी बदामाचा राजा आन् चौकी, वर इस्पिकची सत्ती. सायबानं टाकला. बाकीच्यांनी टाकला. माझी पाळी शेवटची. मी वाढवलं.

सम्यक : वा, मामा. आणि पुढचं पान?

कडुबा : चौकटची पंजी.

सम्यक : आणि शेवटचं?

कडुबा : नाय आलं म्हनलं ना. तुझं गणित बरोबर होतं, नशीब आपलं नव्हतं. विषय संपला.

सम्यक : वाईट वाटून घेऊ नका. तिनात दोनदा नाहीच येत. तुम्ही वाढवलंत ते शंभर टक्के बरोबर होतं.

पारूबाई : अहो, शर्ट भिजवायला घेतला तर खिशात हे निघालं. हा बदामाचा एक्काच ना?

सम्यक : मामा, तुम्ही पान चोरून आणलं?

कडुबा : चोरलं नाय.

सम्यक : मग तिथं आता एक्कावन्न पानांवर खेळताहेत का? बिचारे बदामाची वाट बघत असतील.

पारूबाई : तू थांब जरा. त्यांच्याकडं बघ. अहो, बसा इथं. काय झालं ते सांगा मला.

कडुबा : मी वाढवलं, तसे सगळे ताठ बसले. मोबाईल बघणाऱ्यानं मोबाईल ठेवला. मी तर एकच चिंचोका जास्तीचा टाकला होता. पण सगळ्यांनी आधी सायबाच्या तोंडाकडं बघितलं. सायबानं भुवई नुसती वर केली. मंग एकानं पत्ते टाकले. दुसऱ्यानं टाकले. सर्जेरावानं तर असे टाकले, जणू हाताला चटका बसला. सगळे उठून खुर्च्या मागं घेऊन बसले. टेबलाला राहिलो मी आन् सायेब.

सम्यक : एका चिंचोक्यासाठी? आधीच एक टाकलेला असताना? अहो, एवढ्यासाठी कुणीच उठत नसतं. ज्याच्या हातात काही नाही तोसुद्धा एक टाकून बघतो. हे कुठल्याही पुस्तकात बसत नाही.

पारूबाई : पुस्तकात नसंल. हर्सूलला बसतं. मी म्हणलं होतं ना तुला, ते सायबासाठी बसलेले हायेत म्हणून.

सम्यक : म्हणजे माझं चुकलं. मी सहा खेळाडू मोजले. खेळणारे दोनच होते.

कडुबा : पुढं ऐका. पंजी आली, सायबानं टाकला, मी बी टाकला. शेवटचं पान सायबानं स्वतः उघडलं. बदामाची छक्की.

सम्यक : बदाम? मामा, म्हणजे पाच झाले. एक्का तुमच्याकडं, राजा मध्ये पडलेला. त्या टेबलावर तुमच्यापेक्षा मोठं पान कुणाकडं असूच शकत नव्हतं. तुम्हाला माहीत होतं हे?

कडुबा : माहीत होतं. रात्रभर तेच तर घोकलं होतं.

पारूबाई : मंग?

कडुबा : सायबानं परत टाकला आन् म्हनले, बघ बाबा कडुबा, तुझ्या मनानं बघ. बाकीचे सगळे माझ्याकडं बघत होते. माझ्या मनात आलं, ज्याच्याकडं तिकीट मागायचं त्यालाच त्याच्या बंगल्यावर, त्याच्याच पत्त्यांनी हरवायचं, आन् वरून हात पुढं करायचा? कसं दिसल ते? मी म्हनलं, सायेब, तुमचं हाय. आन् पत्ते टाकले.

सम्यक : टाकले? ते पान?

कडुबा : नव्वी टाकली. एक्का नाय टाकता आला. बोटातून सुटंच ना. मूठ तशीच खिशात गेली. कुणी बघितलं बी नाय, सगळे टाळ्या वाजवत होते.

सम्यक : साहेबांकडे काय होतं?

कडुबा : काहीच नव्हतं. किलवरची दुर्री आन् चौकटची नव्वी. उलटी करून सगळ्यांना दाखवली त्यांनी, हसून. जोडी नाय, काय नाय. नुसता कचरा. सगळे म्हनले, सायेब, काय खेळता तुमी.

पारूबाई : आन् तिकीट?

कडुबा : सर्जेरावाला.

सम्यक : सर्जेरावाला कशाबद्दल? त्यानं तर हाताला चटका बसल्यासारखे पत्ते टाकले.

कडुबा : सायबानं मला बाजूला घेतलं. खांद्यावर हात ठेवला. म्हनले, कडुबा, आज मी ओळखलं, तू समजूतदार माणूस हायस. सर्जेरावाला नाय दिलं तर तो उद्या दुसऱ्या पक्षात जाईल. तू नाय जाणार. तुझा मला भरवसा हाय. पुढच्या वेळी तुझंच बघू.

सम्यक : म्हणजे तुम्ही निष्ठावान निघालात, म्हणून नाही दिलं?

कडुबा : तसंच झालं म्हन. आन् पारू, मी काय म्हनलं असंल त्यांना?

पारूबाई : आभार मानले असतील.

कडुबा : व्हय. मानले.

पारूबाई : मला लई वाईट वाटलं बघा. तिकीट गेलं त्याचं नाय. पान आलेलं असून तुमी खाली मान घातली, त्याचं वाटलं. आन् घरी येऊन मला म्हणला, नाय आलं म्हणून. हरलो म्हणला असता तर मी भाकरीचं ताट वाढून गप बसले असते.

कडुबा : लाज वाटली. थांबा, फोन वाजतोय. हां, बोला सर्जेराव. नमस्कार. अभिनंदन. व्हय, व्हय, होतो की मी तिथंच. संध्याकाळपर्यंत? होऊन जाईल. साईज तीच ना? 'भावी' काढायचं आन् 'अधिकृत उमेदवार' टाकायचं. आन् खाली फोटू कुणाकुणाचे? बरं. माझा बी? टाकतो. ठेवतो.

सम्यक : तुमचा फोटो कुठं टाकायला सांगितला?

कडुबा : शुभेच्छुकात. खालची ओळ, सगळ्यात शेवटी. टिकलीएवढा.

पारूबाई : इतकी वर्षं भावी होता, आता शुभेच्छुक झाला. बढती म्हणायची का काय म्हणायचं हिला?

कडुबा : बोल, बोल. आज तुझाच दिवस हाय.

पारूबाई : मी टोमणा नाय मारत. विचारते. त्या कंप्युटरात माझा फोटू हाय का? गटाच्या मेळाव्यातला, निळ्या साडीतला.

कडुबा : हाय. कामून?

पारूबाई : अपक्ष उभी राहते म्हणून.

कडुबा : कोण?

पारूबाई : मी. सर्जेरावाची बायको थोडीच राहणार हाय. ती तर आपल्या गटात हाय. काल याच सतरंजीवर बसून म्हणत होती, आमच्या ह्यांना मत देताना मलाच विचार करावा लागंल.

सम्यक : मामी, सांभाळून हं. पक्ष नाही, चिन्ह नाही, काहीच आलेलं नाही अजून तुमच्या हातात.

पारूबाई : नाय आलं. तूच म्हणला ना, चार असले तर गप बसायचं नाय? मी इतके दिवस गपच होते. म्हणलं, हे पुरुष माणूस हायेत, यांचं होऊ दे, मंग माझं बघू. पान आल्यावर बोलणारी मी बी त्यातलीच.

सम्यक : ते खरं, पण मी दुसरंही सांगितलं होतं. माणसं बसलेली पाहिजेत. काल सांगितलं आणि आज बघा काय झालं. भुवई वर झाली आणि सगळे उठले. तुमच्या बायका उठल्या तर?

पारूबाई : दर मंगळवारी इथंच बसत्यात त्या. अप्पारावासाठी नाय बसत. गेल्या उन्हाळ्यात टँकर आपली गल्ली सोडून पुढं चालला होता, आठवतं का? आम्ही रस्त्यात बसलो. ऊन डोक्यावर, पोलीस समोर, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय. गीताबाईला तर चक्कर आली. तोंडाला पाणी लावलं आन् ती परत बसली. एकबी उठली नाय. पाणी घेऊनच उठलो.

कडुबा : मी तव्हा कुठं होतो?

पारूबाई : अप्पारावाच्या वाढदिवसाचं बॅनर लावत होता.

सम्यक : मामी, मग गणित वेगळं आहे. मग मीच म्हणेन, वाढवा.

कडुबा : आन् सायेब काय म्हनतील? मला समजूतदार म्हनलेत ते.

पारूबाई : तुमाला म्हणले. मला कुठं म्हणले?

कडुबा : सर्जेरावाचं छापायचंय संध्याकाळपर्यंत.

पारूबाई : छापा की. गिऱ्हाईक हाय ते. त्याचं झालं की माझं लावा. शाई तीच वापरा, जरा बी पातळ नको.

कडुबा : आन् हा एक्का? परत पाठवू का बंगल्यावर?

पारूबाई : नको. राहू द्या त्यांचे एक्कावन्न. त्यांना कुठं कळणार हाय, तिथं पान बघतंय कोण? तो तुमच्या टेबलाच्या काचेखाली ठेवा. कुणी खांद्यावर हात ठेवला की तेवढं बघायचं.

सम्यक : मामा, बॅनरवर तुमचा फोटो कुठं?

कडुबा : विचार तुझ्या मामीला.

पारूबाई : शुभेच्छुकात. पण पहिला. आन् टिकलीएवढा नाय, चांगला ठळक.

कडुबा : आन् तुझ्या नावाच्या आधी? पारू, खरं सांगतो, निदान तुझं तरी 'भावी' नसलेलं छापावं वाटतंय. उद्याच लावतो, नुसतं नाव. काढू का 'भावी'?

पारूबाई : नको, राहू द्या. पान अजून यायचं हाय.